चिंतामणराव देशमुख : राजीनाम्यानंतरची वर्षे

(मंडळाच्या हैदराबाद येथील संक्रांत मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज १४ जानेवारी. याच तारखेला १८९६ साली रायगडाच्या वाटेवरच्या, महाड तालुक्यातल्या नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. साठीच्या पुढच्या मंडळींना हे नाव नव्याने सांगायला नको. आपल्या घरांत त्यांची एकच गोष्ट सांगितली जाते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर या माणसाने दिल्लीतले अर्थमंत्रिपद सोडले. गोष्ट खरी आहे. पण ती तिथेच संपते. राजीनामा दिला तेव्हा ते साठ वर्षांचे होते आणि त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. ती वर्षे त्यांनी कशात घालवली हे विचारले, तर चांगली वाचणारी माणसेही गप्प बसतात. त्यातली महत्त्वाची वर्षे उच्च शिक्षणाच्या कामात गेली, आणि अखेर ते वारले ते आपल्याच हैदराबादेत. आम्ही आज बोलणार आहोत ते या मागच्या अर्ध्या गोष्टीवर.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कॉमर्स शिकलो, बँकेत लागलो, आणि वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आत बसून पैसे देण्या-घेण्याचे काम करत आलो. त्यामुळे या माणसाकडे आम्ही पाहतो ते पैसा कोणाच्या हातून, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या सहीने जातो या नजरेने. विद्यापीठांच्या बाबतीत ही नजर अगदीच निरुपयोगी नाही, असे आमचे मत आहे. ते पटते का हे तुम्ही शेवटी ठरवा.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजचे जीझस कॉलेज. तिथे विषय घेतले वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. आज बारावीनंतर 'स्ट्रीम' चुकली म्हणून रडणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे : रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर हा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होता. १९१८ ला आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. पुढची वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाडात नोकरी, १९३९ ला रिझर्व्ह बँक, आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेला ते हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळात होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच होती. दोन भांडणारी घरे आणि तिजोरी एक, असा तो काळ त्यांनी निभावला. १९५० च्या जूनमध्ये ते अर्थमंत्री झाले. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आमच्या धंद्यातल्या निम्म्या मंडळींचे अन्न त्या कायद्यावर चालते, पण त्यांचा फोटो फारसा कुठे दिसत नाही. असो.

आता १९५६. हे वर्ष आपल्यासाठी दुहेरी आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपले हैदराबाद संस्थान, तोवरचे हैदराबाद राज्य, तीन तुकड्यांत वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्रात. आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांची शेतीवाडी नांदेड-परभणीकडे होती आणि नोकरी इथे, त्यांच्या घराच्या मधूनच जणू सरहद्द गेली. बेळगावची मंडळी त्याच तारखेला म्हैसुरात गेली. त्यांचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, हे आपण जाणतो.

मुंबईचे काय करायचे यावर त्या वर्षाच्या सुरुवातीपासून आग पेटली होती. जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुख हे कुलाब्यातून निवडून आलेले खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. गोळीबाराची चौकशी व्हावी ही त्यांची मागणी होती, ती मान्य झाली नाही. जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईत जाऊन केंद्रशासित मुंबईचा निर्णय पुन्हा जाहीर केला. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत आपले निवेदन केले. त्या निवेदनातला सल मुंबईपुरता नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता जाहीर होतो, ही कामाची पद्धत मला मान्य नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आपण मराठी माणसे यातले 'मुंबई' तेवढे लक्षात ठेवतो आणि 'रीतसर' विसरतो. पुढचा सगळा माणूस त्या 'रीतसर' शब्दात आहे.

लोकांना वाटले होते, आता हे संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर येतील, पुढारीपण घेतील. त्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला यू.जी.सी. म्हणतो त्याचे, अध्यक्ष झाले. यावर आजही आपल्यातले काही ज्येष्ठ नाक मुरडतात. ज्या सरकारवर एवढे कडक बोललात त्याच सरकारने नेमलेल्या खुर्चीवर बसलात कसे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर हवे असेल तर ती खुर्ची कसली होती ते आधी पाहावे लागेल.

विद्यापीठ अनुदान मंडळाची कल्पना डॉ. राधाकृष्णन यांच्या १९४८-४९ च्या आयोगाने मांडली. २८ डिसेंबर १९५३ ला मौलाना आझादांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पण तेव्हा ते सरकारी ठरावावर चालणारे मंडळ होते. कायद्याचा पाया मिळाला तो १९५६ च्या अधिनियमाने. त्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळाचे पहिले अध्यक्ष देशमुख. गंमत अशी की कायदा संसदेत मंजूर झाला तेव्हा अर्थमंत्री तेच होते. ज्या संस्थेला पैसे द्यायचे की नाही, किती द्यायचे, याचा विचार त्यांनी मंत्री म्हणून केला, त्याच संस्थेच्या वतीने पैसे मागायला ते वर्षभराच्या आत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

कायद्यातली दोन-तीन कलमे नीट पाहण्यासारखी आहेत. मूळ कायद्यात मंडळाचे सभासद नऊ होते. त्यातले केंद्र सरकारचे अधिकारी दोनच. बाकी कुलगुरू व शिक्षणक्षेत्रातली माणसे. निम्म्यापेक्षा कमी नाहीत एवढे सभासद सरकारी अधिकारी नसलेले हवेत, आणि अध्यक्ष तर केंद्राचा किंवा कोणत्याही राज्याचा अधिकारी चालणारच नाही. मंडळाचे काम, विद्यापीठांशी विचारविनिमय करून उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि राखणे, आणि त्यासाठी मंडळाच्या निधीतून अनुदान देणे. म्हणजे पैसा सरकारचा, पण तो विद्यापीठाला मंत्र्याच्या सहीने जाणार नाही. मध्ये एक भिंत. भिंतीच्या एका बाजूला निवडणूक लढवणारी माणसे, दुसऱ्या बाजूला शिकवणारी माणसे.

आता पुढचे कलम वीस. राष्ट्रीय धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकार मंडळाला निर्देश देऊ शकेल, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही यावर वाद झाला तर केंद्र सरकारचा निर्णय अंतिम. म्हणजे भिंत बांधली, पण तिला दार ठेवले आणि किल्ली दिल्लीच्याच खिशात. कायदा असा असला की तो चालतो माणसावर. दार कधी उघडायचे नाही हे समोरच्या माणसाच्या वजनावर ठरते. देशमुखांचे वजन होते. ज्याने अर्थमंत्रिपद सोडून दाखवले आहे त्याला मंडळाचे अध्यक्षपद सोडायला कितीसा वेळ लागणार, हे समोरच्याला कळत होते. आमच्या मते त्या राजीनाम्याचा खरा उपयोग इथे झाला.

याचा पुरावा शिक्षणाच्या बाहेरचा आहे, पण सांगण्यासारखा आहे. १९५९ साली, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षपदावर असतानाच, त्यांनी जाहीर भाषणात मागणी केली की मंत्र्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक स्वतंत्र, वरच्या दर्जाचे न्यायासन नेमावे. ते नेमले तर काही प्रकरणे आपण स्वतः पुढे ठेवू, असेही सांगितले. पंडित नेहरूंनी ते मानले नाही, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. सरकारने नेमलेला माणूस सरकारविषयी असे बोलला आणि तरी १९६१ पर्यंत अध्यक्षपदावर राहिला. सरकारनेही त्याला हलवले नाही, याचे श्रेय त्या काळच्या राज्यकर्त्यांना द्यायला हवे. त्याच वर्षी सरकारी सेवेबद्दल त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचाही थोडा आधार झाला असेल.

आता कामाकडे येऊ. तेव्हा केंद्रीय विद्यापीठे चारच होती : बनारस, अलीगढ, दिल्ली आणि विश्वभारती. त्यांचा रोजचा खर्च मंडळ चालवी. बाकीची सारी विद्यापीठे राज्यांची. त्यांचा रोजचा खर्च राज्यांनी करायचा आणि वाढीचा, म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, नवे विभाग, शिक्षकांच्या सुधारित वेतनश्रेणी, यांचा वाटा मंडळाने उचलायचा. विद्यापीठाने मागणी लिहायची. मग मंडळाने बाहेरच्या विद्यापीठांतले त्या-त्या विषयाचे प्राध्यापक पाठवून पाहणी करायची, आणि त्यांच्या अहवालावर रक्कम ठरायची. बँकेतल्या माणसाला ही पद्धत लगेच समजते. कर्जाचा अर्ज आला की शाखेतला अधिकारी जागेवर जाऊन येतो, आपला 'इन्स्पेक्शन रिपोर्ट' लिहितो, मग मंजुरी. साहेबाच्या ओळखीवर मंजूर झालेले कर्ज पुढे काय होते, हे आम्ही रोज पाहतो.

दुसरी गोष्ट वाट्याची. मंडळ बहुतेक कामांना पूर्ण पैसे देत नसे. एवढे आम्ही देतो, उरलेले राज्याने किंवा संस्थेने घालावेत, अशी अट असे. आमच्या भाषेत याला मार्जिन म्हणतात. मार्जिन मागण्यात शहाणपण आहे. स्वतःचे चार पैसे घातले की माणूस काळजी घेतो. पण याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. ज्याच्याकडे मार्जिन नाही त्याला कर्जच मिळत नाही, मग त्याची गरज कितीही मोठी असो. विद्यापीठांचे तेच झाले. ज्यांच्याकडे दाते होते, ज्यांची राज्ये खंबीर होती, त्यांनी आपला वाटा घालून केंद्राचा पैसा ओढला. गरीब राज्यांतल्या, आडगावच्या कॉलेजांना हात पुढे करायलाही जमले नाही. शिवाय योजनेचा काळ संपला की वाढलेल्या पगाराचा भार राज्याच्या गळ्यात येई. देशमुखांच्या पद्धतीतला हा दोष होता आणि तो पुढे कित्येक वर्षे टिकला. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी तो झाकायचे कारण नाही.

आपल्या हैदराबादच्या मराठी संस्थांना हे मार्जिन नवीन नव्हते. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राज्यात, सरकारी आधाराची खात्री नसताना, वर्गणीवर मराठी शाळा उभ्या केल्या. विवेकवर्धिनीच्या आवारात शिकलेले कितीतरी जण या सभागृहात बसले आहेत. त्या पिढीकडे पैसा कमी होता, पण हिशेबाची वही चोख होती. अनुदानाच्या जमान्यात ज्या संस्था तरल्या त्या बहुतेक वहीवर तरल्या.

विद्यापीठे किती वाढली? सरकारी आकडा असा की १९५०-५१ ला देशात २७ विद्यापीठे होती, १९६०-६१ ला ४५. यातली बरीचशी वाढ देशमुखांच्या काळातली. कुरुक्षेत्र, गोरखपूर, जबलपूर, उज्जैनचे विक्रम विद्यापीठ ही त्याच दोन-तीन वर्षांतली नावे. प्रत्येक राज्याला आपापल्या प्रांतात विद्यापीठ हवे होते. मंडळाचे म्हणणे असे की आधी पैसा, इमारत, शिक्षक यांची सोय बघा, मग पाटी लावा. पण विद्यापीठ काढण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा. मंडळ फार तर सल्ला देऊ शके. तयारी नसलेल्या विद्यापीठाला अनुदान नाकारण्याचे हत्यार कायद्यात आले ते १९७२ च्या दुरुस्तीने, देशमुख गेल्यावर दहा-अकरा वर्षांनी. नुसत्या सल्ल्यावर सगळे भागवायचे म्हणजे काय होते ते आज दिसते. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशात ११६८ विद्यापीठे मोजली गेली. त्यांतल्या किती ठिकाणी ग्रंथालयात पुस्तके आहेत, हे ज्याने-त्याने आपल्या नातवंडांना विचारावे.

त्या वाढीत एक विद्यापीठ आपल्या जिव्हाळ्याचे आहे. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजे उस्मानियाला जोडलेली होती. औरंगाबादच्या मुलाची पदवी हैदराबादहून यायची. आपल्या आजोबांच्या पिढीने उस्मानियात गणित आणि पदार्थविज्ञान उर्दूतून शिकले. दारुल तर्जुमाने त्यासाठी पुस्तकेच्या पुस्तके भाषांतरित केली होती. देशी भाषेत विद्यापीठ चालवता येते हे या शहराने १९१८ पासून करून दाखवले होते. फक्त ती भाषा बहुसंख्य लोकांच्या घरची नव्हती. पोलीस ॲक्शननंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि तो सारा प्रयोग गुंडाळला गेला.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण माध्यमाच्या प्रश्नावर देशमुखांच्या मंडळाने घेतलेली भूमिका आपल्या पचनी पडणारी नाही. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली मंडळाने समिती नेमली होती. १९५७ मध्ये तिचा अहवाल आला. इंग्रजीकडून देशी भाषांकडे जाण्याची घाई करू नये, आणि माध्यम बदलले तरी विद्यार्थ्याला इंग्रजी चांगले यायला हवे, असा त्याचा आशय. देशमुखांना भाषांचे प्रेम कमी होते असे कोणी म्हणू नये. त्यांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चे मराठी रूपांतर केले, महात्माजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली, स्वतः संस्कृतात कविता केल्या. पण घरातले भाषेचे प्रेम त्यांनी मंडळाच्या टेबलावर आणले नाही. पुस्तके नाहीत, परिभाषा नाही, शिक्षक नाहीत, तर नुसत्या ठरावाने माध्यम बदलून पोरांचे नुकसान होईल, ही धास्ती खरी होती. आमचा आक्षेप एवढाच आहे की पुस्तके नाहीत तर ती करण्यासाठी पैसा ठेवा, असे ज्याच्या हातात पैसा होता त्या मंडळाने जोर लावून म्हणायला हवे होते. उस्मानियाचा दाखला समोर होता. तो कोणी उघडून पाहिलेला दिसत नाही.

तीन वर्षांच्या पदवीची कथा वेगळी आहे. आज बी.कॉम. तीन वर्षांचे असते हे आपण गृहीत धरतो. पूर्वी इंटरची दोन आणि पदवीची दोन अशी मांडणी होती. राधाकृष्णन आयोगाने तीन वर्षांची पदवी सुचवली. ती आणायची तर इमारती, प्रयोगशाळा आणि जास्तीचे शिक्षक लागणार. त्या खर्चाचा अंदाज काढण्याची समिती देशमुखांच्याच अध्यक्षतेखाली बसली. शिक्षणातली सुधारणा म्हटली की आपल्याकडे आधी भाषण होते, मग परिपत्रक निघते, आणि खर्चाचा विचार शाळा सुरू झाल्यावर होतो. इथे आधी पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब केला गेला. २०२० च्या धोरणानंतर पदवी पुन्हा चार वर्षांकडे चालली आहे. हैदराबादेतल्या एका कॉलेजात शिकवणारे आमचे एक स्नेही विचारतात, चौथ्या वर्षाला वर्ग कुठे भरवू? त्यांना उत्तर द्यायला तशी समिती कुठे बसल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९६१ मध्ये ते मंडळातून बाहेर पडले. त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी अध्यक्ष झाले आणि १९७३ पर्यंत राहिले. लोक मंडळाचा सुवर्णकाळ त्यांचा मानतात. मानोत. पाया कोणी घातला तेवढे ध्यानात असू द्यावे.

पुढे १९६२ मध्ये देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ पर्यंत होते. म्हणजे टेबलाची तिसरी बाजू. आधी मंत्री म्हणून मंडळाला पैसे दिले, मग मंडळाचे होऊन सरकारकडे मागितले आणि विद्यापीठांना दिले, आणि शेवटी कुलगुरू म्हणून मंडळापुढे अर्ज घेऊन उभे राहिले. आपल्या देशात तिन्ही खुर्च्यांवर बसलेला दुसरा माणूस आम्हाला तरी आठवत नाही. आमच्याकडे काउंटरमागे बसलेल्या माणसाला वर्षातून एकदा रांगेत उभे करायला हवे, असे आम्ही नेहमी गमतीने म्हणतो. यांनी ते खरेच केले, आणि तेही उतरत्या क्रमाने.

त्या कुलगुरुपदाच्या काळातच, १९६२ साली, दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. देशातला तो पहिला. दिवसा नोकरी करणाऱ्याला, लग्न होऊन घरात अडकलेल्या मुलीला, घरी टपालाने धडे येऊ लागले. आमच्या बँकेत क्लार्क होऊन लागलेले आणि पत्रद्वारा पदवी घेऊन ऑफिसर झालेले किती जण आहेत ते विचारू नका, यादी लांबेल. ती वाट पुढे इथवर आली. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ ऑगस्ट १९८२ मध्ये याच हैदराबादेत निघाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने चालते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर १९८२ ला, देशमुख याच शहरात वारले.

ते हैदराबादेत कसे आले, हे नव्या पिढीला माहीत नसते. पहिली पत्नी रोझिना इंग्रज, त्या १९४९ मध्ये वारल्या. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केले. तेलुगू घरातल्या, घटना समितीच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. आज आपल्या कितीतरी घरांत तेलुगू सुना आहेत आणि त्यांची पुरणपोळी सासूपेक्षा सरस होते. त्यांनी हे लक्षात ठेवावे की या शहरातले सर्वांत मोठे मराठी-तेलुगू घर देशमुखांचे होते. दुर्गाबाईंचे शिक्षणातले काम नवऱ्याच्या कामाच्या सावलीतले नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी १९५८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष त्या होत्या. नवरा विद्यापीठांचा हिशेब पाहत होता तेव्हा बायको, विद्यापीठापर्यंत पोचतच नाहीत अशा मुलींचा हिशेब मांडत होती. विद्यानगरच्या दुर्गाबाई देशमुख रुग्णालयावरून आपण रोज जातो. आडनाव मराठी कसे, असे आमच्या मुलाने एकदा विचारले होते. बेला व्हिस्टातल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद चिंतामणरावांनी १९५९ पासून १९७३ पर्यंत सांभाळले. मध्ये १९६९ ला स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्याने राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि हरले. १९७५ ला पद्मविभूषण मिळाले.

आता हे सारे आज का सांगितले, ते बोलतो. देशमुखांनी ज्या मंडळाची घडी बसवली त्याचे काय करायचे, हा प्रश्न गेली काही वर्षे दिल्लीत चालू आहे. जून २०१८ मध्ये केंद्राने एक मसुदा काढला होता. मंडळ रद्द करून नवा आयोग, आणि अनुदान वाटणे मंत्रालयाकडे. त्यावर बरीच ओरड झाली आणि तो बाजूला पडला. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नियमन, मूल्यांकन, अनुदान आणि दर्जा अशी चार अंगे वेगळी करावीत असे आले. त्यात अनुदानासाठी निदान वेगळी परिषद होती. डिसेंबर २०२५ मध्ये 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' या नावाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले. त्यात १९५६ चा कायदा रद्द करण्याची तरतूद आहे, परिषदा तीन आहेत, आणि अनुदान वाटप त्यांच्यापैकी कोणाकडेही दिलेले नाही.

जुने मंडळ फार चांगले चालले होते असे म्हणणारे आम्ही नाही. परिपत्रकांवर परिपत्रके, तपासणीच्या नावाखाली पाहुणचार, आणि अनुदानाची फाइल वर्षानुवर्षे पडून, हे ज्यांनी कॉलेजच्या कार्यालयात काम केले त्यांनी भोगले आहे. १९७६ ला बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, तेव्हापासून दिल्लीचे वजन वाढतच आले. ज्यांच्या हातात मंडळ गेले त्यांच्यापैकी किती जण राजीनामा खिशात ठेवून बसले होते, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण दार कुजले म्हणून भिंत पाडायची का? पैसा मंत्र्याच्या सहीने थेट जाऊ लागला, की विद्यापीठाचा कुलगुरू मंत्र्याच्या दारात उभा राहणार. मंत्री कोणत्याही पक्षाचा असो.

आपल्यासारख्यांना याची झळ जास्त लागते. आपण इथे मतांच्या हिशेबात कोणाच्या खिजगणतीत नाही. हैदराबादेतले काय, इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यातले काय, मराठी मतांवर आमदार पडतोय असे फारसे कुठे होत नाही. बेळगावात पडतो, म्हणून तिथे दुसऱ्या तऱ्हेचा त्रास. ज्याच्यामागे मते नाहीत त्याची संस्था टिकते ती नियमावर. पाहणीला आलेल्या परक्या गावच्या प्राध्यापकाला आपली जात, भाषा, पक्ष ठाऊक नसतो. तो ग्रंथालय बघतो, वही बघतो आणि लिहून जातो. त्या प्राध्यापकाच्या जागी उद्या मंत्र्याचा खाजगी सचिव आला, तर त्याला दाखवायला आपल्याकडे काय आहे?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. विधेयकाचे पुढे काहीही होवो, कायदा कोणत्याही रूपात येवो, अनुदान देणारी संस्था मंत्रालयापासून वेगळी असावी, तिच्यात निम्म्याहून जास्त माणसे सरकारी नोकर नसलेली असावीत, आणि नाकारलेल्या अर्जाचे कारण लेखी मिळावे, या तीन मागण्यांचे निवेदन आपण तयार करावे. मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत. ते इथल्या खासदारांना द्यावे, आणि एक-एक प्रत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव व गोव्याच्या मंडळांना पाठवावी, म्हणजे तेही आपापल्या खासदारांना देतील. त्यासाठी तिघांची समिती पुरे. एक निवृत्त प्राध्यापक, एक कॉलेजच्या कार्यालयात हिशेब सांभाळलेले गृहस्थ किंवा बाई, आणि एक शिकत असलेला विद्यार्थी. विधेयकाची प्रत आणि १९५६ च्या कायद्याची प्रत, दोन्ही आम्ही छापून आणल्या आहेत. त्या कार्यालयात टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना समितीत यायचे असेल त्यांनी आजच चिटणिसांकडे नाव द्यावे. विद्यार्थ्याची जागा रिकामी राहू नये, एवढी विनंती आहे.